मी कागदावर 'चोक' लिहिलं

मागच्या पावसाळ्यात एका रॅप बॅटलला जज म्हणून गेलो होतो, पुण्यात, कर्वेनगरच्या बाजूला एका डान्स क्लासच्या हॉलमध्ये. आधीच सांगतो, मी काही मोठा रॅपर वगैरे नाही. कॉलेजात ३ बॅटल खेळलो, त्यातल्या २ हरलो आणि तिसरी समोरचा आलाच नाही म्हणून जिंकलो. आता अधूनमधून लिहितो, पोरांना ओळी दुरुस्त करून देतो, सायफर, म्हणजे पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात तो, असला की मागे भिंतीला टेकून उभा राहतो, बास. पण बोलावणारा पोरगा म्हणाला दादा आम्हाला असा माणूस पाहिजे जो दोघांपैकी कोणाचा मित्र नाही आणि ज्याला मराठी नीट कळतं. पहिली अट जास्त अवघड गेली म्हणे, पुण्यात सगळेच एकमेकांचे मित्र किंवा माजी मित्र.

तर झालं असं की त्या दिवशी ४ लढती होत्या आणि शेवटची मोठी. एक इथलाच पोरगा, डोक्यावर कायम टोपी, त्याला आपण टोपीवाला म्हणू. दुसरा सोलापूरहून सकाळच्या गाडीने आलेला, बारीक अंगाचा, बॅगेत वही, त्याला सोलापूरकर. खरी नावं लिहीत नाही, दोघंही अजून खेळतात आणि मला परत बोलवावं असं वाटतं.

ज्यांनी कधी बॅटल बघितली नाही त्यांच्यासाठी पटकन. बीट नसतो. दोघं समोरासमोर, प्रत्येकाला ३ राऊंड, एकेक साधारण २ मिनिटांचा, आणि समोरच्याला शब्दांनी सोलायचं. बरंचसं घरून लिहून पाठ करून आणलेलं असतं, कारण कोणाशी लढायचंय ते महिनाभर आधी माहीत असतं. पण समोरच्याने आत्ता जे मारलं त्यावर जागेवर उत्तर दिलं की त्याला रिबटल म्हणतात आणि तिथे हॉल उडतो. नाणेफेक होते, जिंकणारा शक्यतो दुसरा जातो, कारण शेवटचा शब्द त्याच्याकडे राहतो. टोपीवाल्याने जिंकली आणि अर्थातच दुसरा जाणार म्हणाला.

जज ३. एक बीट बनवणारा माणूस, एक मुलगी जी मुशायऱ्यात गझल वाचते आणि रॅपही करते, आणि मी. बसायला जागा कुठे तर तिघं तीन कोपऱ्यात, म्हणजे एकमेकांच्या कागदात बघायला नको. माझी खुर्ची टोपीवाल्याच्या दोस्तांच्या घोळक्याला चिकटून. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. हातात एक छापील कागद, त्यावर चौकटी: लेखन, सादरीकरण, रिबटल, पब्लिक, प्रत्येकी १० पैकी. पहिल्याच लढतीत मी ती चौकटींची भानगड सोडून दिली, कारण लेखनाला ७ आणि पब्लिकला ८ असं लिहिताना आपण दहावीची तोंडी परीक्षा घेतोय असं वाटायला लागलं, आणि बेरीज करून जो जिंकत होता तो माझ्या डोक्यात हरलेला होता. मग कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ मारली, डावीकडे एक उजवीकडे एक, आणि ओळी जशा लागतील तशा टिपत गेलो.

सोलापूरकराने सुरुवात केली. आवाज लहान, हात खिशात. पहिल्या चार ओळी तर मागच्यांना ऐकूच गेल्या नाहीत, "आवाऽऽज" म्हणून ओरडले. मग त्याने एक ओळ टाकली, पेशव्यांच्या पुण्यालाही शाहीर लागला सोलापूरचा. हे म्हणजे राम जोशी, पेशवाईतले शाहीर, सोलापूरचे. हॉलमधल्या शंभरेक पोरांपैकी चारपाच जणांना लागलं असेल, गझलवालीने मान हलवलेली मला दिसली. पण ओळ खरी होती, त्याच्या गावची होती, आणि समोर पुण्याचा माणूस उभा असतानाच तिला अर्थ होता. माझं एक मोजमाप आहे, कोणी शिकवलेलं नाही, असंच बनत गेलं: ही ओळ दुसऱ्या कोणालाही म्हटली असती तर चालली असती का? चालली असती तर तिची किंमत निम्मी. तुझी औकात काय, मी शेर तू शेळी, असल्या ओळी पोराटोरांनी एकमेकांना पोस्टाच्या पाकिटासारख्या पाठवाव्यात, पत्ता बदलला की झालं.

मग त्याने चादर काढली. सोलापूर म्हटलं की चादर येणारच होती, तर तो स्वतःच घेऊन आला:

अंथरूण पाहून पाय पसर, ही चादर सोलापुरी
ओढशील तितकी अंगावर, उघडी पडेल चाकरी

दुसरी ओळ यमकासाठी ओढून आणलेली, चाकरीचा तिथे काय संबंध मला आजपण कळलेलं नाही. पण बाकी राऊंड घट्ट होता. कुठे भरताड नाही.

टोपीवाला पुढे आला. टोपी सरळ केली, तीन सेकंद काहीच बोलला नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग एकदम गप्पा मारल्यासारखा: "बरं झालं रे चादर घरून घेऊन आलास. मजारीवर चढवायला मला विकत आणावी लागली असती."

काय सांगू. हॉल फुटला. माझ्या शेजारचा पोरगा माझ्याच खांद्यावर पडला. होस्टला दोन्ही हात वर करून लोकांना खाली बसवावं लागलं, अर्धा मिनिट तरी गेला असेल. आणि मी म्हणेन ती आख्ख्या रात्रीतली सगळ्यात भारी ओळ होती, तीही जागेवर सुचलेली वाटावी अशी, आणि चादरीची ओळ येणार हे ओळखून आधीच लिहिली असेल तरी ती मजारीपर्यंत नेणं हे डोकंच आहे.

पण त्यानंतर उरलेला दीड मिनिट? काहीच नाही. मोठा आवाज, हातवारे, गाव-खेडं-एसटी-शेतकरी, सगळं सगळ्यांना चालेल असं. आणि तिथे माझी पहिली पंचाईत झाली. एक राऊंड म्हणजे एक ओळ की दोन मिनिटं? जिच्यावर लोक घरी जाताना बोलणार ती ओळ टोपीवाल्याची, पण लिहिलेला राऊंड सोलापूरकराचा. मी पेन धरून बसलो आणि शेवटी पहिला राऊंड सोलापूरकराला दिला, अगदी काठावर. बाकी दोघांपैकी बीटवाल्याने तो टोपीवाल्याला दिला होता हे नंतर कळलं, आणि तो चुकला असं मी म्हणू शकत नाही.

हे भांडण जुनं आहे बरं का. १९८१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बिझी बी नावाचा एमसी, म्हणजे रॅपर, होता, पब्लिकला नाचवण्यात, ओरडायला लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि कूल मो डी नावाचा दुसरा रॅपर स्टेजवर चढला, त्याने नुसतं लिहिलेलं, नेमकं, बिझी बीवरच बेतलेलं ऐकवलं. रॅपवाले अजून त्या रात्रीबद्दल बोलतात, कारण तिथून पब्लिक उचलणं आणि समोरच्याला शब्दात पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आमच्या हॉलमध्ये ४० वर्षांनंतर तेच दोघं उभे होते असं मला वाटलं. फरक इतकाच की आमचा बिझी बी अधूनमधून लिहितही होता.

आणि त्याही आधी आमच्याकडे होतंच की. माझे आजोबा गुहागरकडचे, गणपतीत गावाला गेलो की शक्ती-तुऱ्याचा सामना बघायला घेऊन जायचे. एक पक्ष शक्तीवाल्यांचा, म्हणजे आदिमाया मोठी, दुसरा तुरेवाल्यांचा, म्हणजे शिव मोठा. घाटावर ह्यालाच कलगी-तुरा म्हणतात. गण झाला, गौळण झाली की मग सवाल-जवाब सुरू आणि एकदा सुरू झाले की बायकापोरं झोपली तरी म्हातारे हलायचे नाहीत. तिथे जज बिज कोणी नसायचा. मी एकदा विचारलं, आजोबा जिंकलं कोण? ते म्हणाले, उद्या विहिरीवर बायका कुणाचं पद म्हणतात बघ. न्यूयॉर्कच्या यूआरएल नावाच्या रॅप बॅटल लीगमध्येसुद्धा बहुतेक लढतींना निकालच नसतो, लोक वर्षानुवर्षं भांडत बसतात कोण जिंकलं म्हणून, आणि मला आता वाटतं तेच शहाणपणाचं. पण पुण्यात आम्हाला निकाल लागतो, सर्टिफिकेट पण लागतं, त्या दिवशी होतंसुद्धा.

दुसरा राऊंड. सोलापूरकर आता मोकळा झाला होता, हात खिशातून बाहेर. तालमीची ओळ इथे आली, तू तालीम करतोस आरशासमोर, मी तालमीत वाढलोय. तालीम म्हणजे रिहर्सल आणि तालीम म्हणजे आखाडा, इतकं साधं, आणि तरी माझ्या ऐकण्यात ते आधी कोणी केलं नव्हतं. मी कागदावर दोनदा खूण केली. आणि मग त्याने पर्सनल काढलं:

बीटवाल्याचे पैसे थकले, पण हिची नवीच कॉपी
स्वतःच्या डोक्याला एक, लोकांना घातल्या किती टोपी

हॉल "ओऽऽऽ" करून एकदम शांत. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं की काहीतरी आहे. मला नव्हतं. आणि हा जजचा दुसरा घोळ. पर्सनल मारलं तर ते खरं असलं पाहिजे का? खरं असेल तर जोर दुप्पट, पण मी काय तिथे बसून हिशोब तपासणार का? मी ठरवलं की खरं-खोटं सोडायचं, समोरचा काय करतो ते बघायचं. सावरला तर त्याचं, गडबडला तर ह्याचं.

टोपीवाला सावरला. सावरला म्हणजे काय, त्याने हात वर करून सांगितलं की हो थकलेत, दोन हजार, खरंय, आणि ज्याचे थकलेत तो बीटवाला (आमचा जज नव्हे, दुसरा) तिसऱ्या रांगेत बसलाय, उठ रे, सांग ह्यांना टाळ्या कोणासाठी वाजवत होतास. आणि तो पोरगा खरंच उठला! लाजत लाजत उठला आणि टोपीवाल्याकडे बोट दाखवलं. ह्यावर कोण काय करणार. गुन्हा कबूल करून साक्षीदार आपल्याच बाजूला उभा केला. त्यात यमक नव्हतं, ओळ म्हणावी असंही काही नव्हतं, पण बॅटल होती ती. (दोन हजार अजून दिलेले नाहीत असं ऐकतोय.)

मग त्याने सोलापुरी बोलीची नक्कल केली, काय करलालास बे, जेवलालास का बे, येलालास का बे. प्रत्येक बे वर लोक हसत होते. मला ते स्वस्त वाटलं, आईवरून नाही, जातीवरून नाही एवढे दोन नियम होस्टने सुरुवातीलाच सांगितले होते, बोलीवरून नाही असं काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं. पण खरं सांगू, मीसुद्धा हसलो. दुसरा राऊंड टोपीवाल्याला. त्यात मला शंका नव्हती.

म्हणजे १-१. सगळं तिसऱ्यावर.

सोलापूरकर पुढे आला आणि म्हणाला, बे. नुसतं तेवढंच. लोक हसले. परत म्हणाला, बे. परत हसले. मग:

हसा माझ्या बेला, पाढे तरी कुठे तुम्हाला पाठ
बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा

आणि इथे काय झालं तर आख्खा हॉल पाढा म्हणायला लागला. खरंच. शंभर पोरं, दाढीमिशावाली, दुसरीच्या वर्गासारखी सुरात. माझ्या बाजूचा टोपीवाल्याचा घोळका तर मुद्दाम, त्याला बोलू न देण्यासाठी, बाकं बडवल्यासारख्या खुर्च्या बडवत. त्या कल्लोळात मला दिसलं ते एवढंच, की सोलापूरकराचं तोंड उघडं आहे आणि तो काही बोलत नाहीये. एक सेकंद. दोन. तीन. लोकांना पण जाणवलं, आवाज खाली आला, कोणीतरी "अरे अरे" म्हणालं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तशा वाजवतात, धीर द्यायला. त्याने काहीतरी पुटपुटलं, जमिनीकडे बघितलं, डोळे मिटले आणि एकदम शेवटच्या चार ओळींवर उडी मारून राऊंड संपवला.

मी रेघेच्या डाव्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: चोक.

चोक म्हणजे अडकणं, विसरणं. बॅटलमध्ये याच्याइतकं वाईट काही नसतं, राऊंड जवळजवळ गेलाच म्हणून समजा. मोठमोठ्यांचं होतं. २०१२ मध्ये कॅनिबससारख्या नावाजलेल्या अमेरिकन रॅपरने डिझास्टर नावाच्या बॅटलवाल्यासमोर वही काढून वाचायला सुरुवात केली होती, ते बघवत नाही अजून. त्यामुळे सोलापूरकराबद्दल वाईट वाटलं पण पेन काय थांबत नाही.

टोपीवाल्याचा तिसरा राऊंड स्वच्छ होता. ग्रेट नव्हता. दोन ओळी तर मी त्याच्या तोंडून संभाजी बागेतल्या सायफरला आधी ऐकलेल्या, तेव्हा त्या दुसऱ्याच कोणासाठी होत्या, म्हणजे परत तेच, पत्ता बदललेलं पाकीट. ते मी टिपलं. पण अडखळला नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, संपवताना टोपी काढून सोलापूरकराच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला आता हीपण घातली. लोकांनी घर डोक्यावर घेतलं. मी मनात मापं टाकली: एकीकडे शिळ्या ओळी पण पूर्ण राऊंड, दुसरीकडे अर्धवट. तिसरा टोपीवाल्याला. म्हणजे लढत टोपीवाल्याला, २-१.

कागद घेतले. होस्टने एकेक उघडला. बीटवाला: टोपीवाला. गझलवाली: सोलापूरकर. आणि मग माझा, तो सगळ्यात हळू उघडला, त्याला काय मजा येत होती. टोपीवाला जिंकला. मिठ्या बिठ्या झाल्या, सोलापूरकराने टोपी परत दिली, दोघांनी फोटो काढले.

खाली चहा पिताना गझलवाली माझ्याशेजारी आली. म्हणाली, तो चोक काय भारी होता ना. मला वाटलं टोमणा मारतेय पोराला. मी म्हटलं, हो ना, बिचारा, तिथेच गेली त्याची लढत. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आपण चुकीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाकडे बघतो, आणि म्हणाली, असू दे. चहा संपवून गेली. मला तेव्हाही काही कळलं नाही.

कळलं ११ दिवसांनी, व्हिडिओ आल्यावर. कॅमेरा सोलापूरकराच्या बाजूला होता, समोरच माइक, आणि मी रात्री हेडफोन लावून बघत होतो. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, लोकांचा पाढा सुरू, आणि त्या गोंगाटाखाली, अगदी स्पष्ट, तो म्हणतो: "बे चोक". आणि थांबतो. हाताची घडी घालतो. टोपीवाल्याकडे बघून किंचित हसतोय, हे मला खुर्चीतून दिसलंच नव्हतं कारण तेवढ्यात मधे टोपीवाल्याची पाठ आली होती. मग थोड्या वेळाने म्हणतो, "आठ".

मी व्हिडिओ थांबवला. बे चोक आठ! दुसरीपासून तोंडपाठ आहे. पोरगा चोक हा शब्द बोलून चोक झाल्याचं नाटक करत होता, ज्या बे वर सगळे हसले त्याच बेचा पाढा म्हणत चौथ्या पायरीवर आला आणि तिथे पाय रोवून उभा राहिला, आणि मी, मराठी नीट कळतं म्हणून बोलावलेला माणूस, समोर बसून त्याची पंचलाइन स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतली आणि तिचेच मार्क कापले.

उठलो, पाणी प्यायलो, परत लावलं. सहा-सात वेळा तरी बघितलं असेल. बायको आतून म्हणाली काय पाढे लावलेत रात्री १ वाजता.

पण नुसतं तेवढंच असतं तर सोपं होतं, सरळ चूक कबूल करून मोकळा झालो असतो. "आठ" नंतर काय? आठ म्हटल्यावर तो खरंच खाली बघतो, डोळे मिटतो, ओठ हलतात, आणि मग उडी. ते नाटक वाटत नाही. म्हणजे पहिले तीन सेकंद खोटा चोक आणि पुढचे दोन खरा? की सगळंच खरं आणि पाढ्याच्या नेमक्या त्या जागी अडकला हा योगायोग? आणि समजा खोटाच होता, तरी हॉलमध्ये जी ओळ माझ्यापर्यंत पोचलीच नाही तिचे मार्क मी घरी बसून हेडफोनमध्ये कसे देऊ? पोचवणं हे त्याचं काम होतं. की गोंगाट करणाऱ्यांच्या मांडीवर बसून ऐकणं ही माझी चूक होती? गझलवाली समोरच्या कोपऱ्यात होती, तिला ऐकू आलं. म्हणजे खुर्ची दहा फूट पलीकडे असती तर निकाल वेगळा. ह्यावर मी दोनतीन दिवस घालवले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी आठ म्हटलं तरी दचकत होतो.

शेवटी त्यालाच मेसेज केला. मी अमुक, तुझ्या लढतीला जज होतो, निर्णायक कागद माझा होता, एक विचारायचं होतं, बे चोक वर थांबलास ते मुद्दाम ना?

रात्री त्याचा फोन आला. आधी तर खूप वेळ हसला. म्हणाला, सर तुम्ही पहिले आहात ज्यांनी विचारलं, इथं तर घरचे पण म्हणलालेत की विसरलास म्हणून. मग सांगितलं. थांबायचं मुद्दामच होतं, एकच सेकंद. पुढची ओळ होती "झाला वाटलं ना? बे चोक आठ, धर घरची वाट". खोलीत भावासमोर शंभर वेळा केलेली. पण भाऊ काही पाढा म्हणायचा नाही. इथे शंभर जण म्हणायला लागले तर त्याला इतका आनंद झाला की तो ऐकतच राहिला, आणि आठ म्हटलं तोवर पुढचं खरंच गेलं.

"म्हणजे झालाच चोक, सर," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर लिहिलाव."

मी म्हटलं पण मी ते चुकीच्या कारणाने लिहिलं रे.

तर म्हणाला, बे, मार्क तर तेवढेच पडले असते ना.

मग त्याने विचारलं की चादरीच्या ओळीतली चाकरी कशी वाटली, आणि मी खरं सांगितलं, आणि त्यावरून आम्ही पाऊण तास भांडलो.